लाल मागितला, निळा मिळाला

हा लेख तुम्ही बहुधा फोनवर वाचताय. म्हणजे आत्ता तुमच्या अंगठ्याखाली साधारण १०८० गुणिले २४०० ठिपके आहेत. २५ लाख ९२ हजार. एका ठिपक्याला चार बाइट धरले तर १ कोटी ३ लाख ६८ हजार बाइट, आणि एवढा मजकूर सेकंदाला ६० वेळा काचेवर उमटू शकतो. फोन तुमचा आहे, पैसे तुम्ही भरलेत, कदाचित अजून हप्ते चालू असतील. आता त्या पंचवीस लाखांतला एक ठिपका, डाव्या कोपऱ्यातला, स्वतःच्या मनाने लाल करून दाखवा. कुणाचं ॲप न टाकता, कुणाची परवानगी न मागता.

नाही जमणार. तुम्ही कंप्युटर इंजिनिअर असलात तरी नाही.

आता घरात पडलेला एखादा जुना लॅपटॉप घ्या, लिनक्स टाकलेला. कंट्रोल-ऑल्ट-एफ३ दाबा. खिडक्या, आयकॉन, वॉलपेपर सगळं नाहीसं होतं आणि काळ्या पडद्यावर लॉगिन विचारलं जातं. तिथे 'डेव्ह' नावाच्या फोल्डरमध्ये 'एफबी०' नावाची फाइल असते. ती फाइल म्हणजे स्क्रीन, अक्षरशः. तिचे पहिले बाइट बदलले की डाव्या वरच्या कोपऱ्यातला ठिपका बदलतो. पायथनमध्ये फाइल उघडायची, सीक करून हव्या त्या जागी जायचं, चार बाइट लिहायचे, संपलं. या फाइलीची कॉपी काढली की तो स्क्रीनशॉट, आणि ती कॉपी परत तिच्यात ओतली की मघाचं दृश्य हजर. शून्यांची अखंड धार सोडली तर स्क्रीन काळी होते आणि टर्मिनल कुरकुरतं की डिव्हाइसवर जागा शिल्लक नाही. बरोबरच आहे, काच संपली.

याला फ्रेमबफर म्हणतात. माझं म्हणणं असं आहे की संगणक शिकणाऱ्या प्रत्येक पोराने आणि पोरीने पहिल्याच वर्षात, ब्राउझर, फ्रेमवर्क, ॲप वगैरेच्या आधी, या फाइलीत स्वतःच्या हाताने बाइट लिहिले पाहिजेत. आणि जी मंडळी याला टाइमपास म्हणतात ती आपल्या मुलांचं नुकसान करतायत. मराठी मुलांचं जरा जास्तच. ते कसं, हे पुढे येईल.

मी एका इंजिनिअरिंग कॉलेजात तासिका तत्त्वावर प्रॅक्टिकल घेतो. कॉलेजचं नाव महत्त्वाचं नाही, तुमचंही असंच असेल. तिथे कंप्युटर ग्राफिक्सच्या लॅबमध्ये आजही टर्बो सी चालतं, डॉसबॉक्सच्या निळ्या खिडकीत. इनिटग्राफ, मग टीसी-बीजीआयचा तो पाठ केलेला पाथ, मग पुटपिक्सेल. मुलं ब्रेझनहॅमची रेषा काढतात. जॅक ब्रेझनहॅम यांनी १९६२ साली आयबीएममध्ये प्लॉटरसाठी हा अल्गोरिदम बनवला, १९६५ साली तो छापून आला, आणि त्यात फक्त पूर्णांकांच्या बेरजा-वजाबाक्यांवर तिरकी रेष काढण्याची इतकी सुंदर युक्ती आहे की नीट समजली तर दिवसभर अंगावर काटा राहावा. आमच्याकडे ती जर्नलमध्ये उतरवली जाते. मागच्या वर्षीच्या जर्नलवरून, अर्थात. व्हायव्हाला विचारलं की "पुटपिक्सेल काय करतं?" तर उत्तर येतं, "सर, पिक्सेल पुट करतं."

कुठे पुट करतं? याचं उत्तर वर्गात कुणाकडे नसतं. ते देण्याची सोयच त्या लॅबमध्ये नाही, कारण पुटपिक्सेल हा एक बंद डबा आहे आणि तो डबा डॉसबॉक्स नावाच्या दुसऱ्या डब्यात ठेवलाय.

म्हणून गेल्या दोन वर्षांत मी एक आगाऊपणा सुरू केला. सबमिशन संपल्यावर उरलेल्या तासांत मुलांना त्या एफबी० समोर बसवतो. पहिलं काम, एक लाल चौकोन. मुलं शहाणी, लाल-हिरवा-निळा हा क्रम त्यांना पाठ. २५५, ०, ०, ० असे चार बाइट लिहितात. आणि स्क्रीनवर चौकोन उमटतो निळा.

त्या क्षणी वर्गात जी शांतता पसरते ती मला कुठल्याही लेक्चरमध्ये मिळालेली नाही. चूक कुठे? कोड तर सहा ओळींचा आहे. लपायला जागाच नाही. मग कुणीतरी शून्यं आणि २५५ उलटसुलट करून बघतं आणि लक्षात येतं की मेमरीत क्रम निळा-हिरवा-लाल असा आहे. का? कारण रंग हा एक ३२ बिटांचा आकडा म्हणून ठेवलेला असतो, लाल वजनदार बाजूला आणि निळा हलक्या बाजूला, आणि आपले प्रोसेसर आकड्याची हलकी बाजू मेमरीत आधी ठेवतात. याला लिटल एन्डियन म्हणतात. हा शब्द त्याच मुलांनी मागच्या सेमिस्टरला दोन मार्कांसाठी पाठ केलेला असतो. चौकोन निळा झाला त्या दिवशी तो पहिल्यांदा त्यांचा होतो.

दुसरं काम, उभी रेष. इथे आणखी मजा आहे. लॅबमधल्या जुन्या लॅपटॉपची स्क्रीन १३६६ गुणिले ७६८. हिशोब सोपा वाटतो: एका ओळीत १३६६ ठिपके, चारने गुणले की ५४६४ बाइट, म्हणजे पुढची ओळ ५४६४ बाइटांनंतर. मुलं तसं लिहितात आणि उभी रेष भलतीकडेच घसरत जाते, दर ओळीला १० ठिपके डावीकडे. कारण हार्डवेअरला ६४च्या पटीत रांगा आवडतात. त्यामुळे प्रत्यक्षात ओळ ५५०४ बाइटांची असते, आणि प्रत्येक ओळीच्या शेवटचे ४० बाइट मेमरीत असतात पण काचेवर कधीच दिसत नाहीत. वहीला समास असतो ना, तसा. हा आकडा कुठून कळतो? 'सिस' फोल्डरमध्ये 'स्ट्राइड' नावाची छोटीशी फाइल असते, तिच्यात लिहिलेला असतो. कागदावर असलेला आयत आणि यंत्रातला आयत यांच्यातला हा ४० बाइटांचा फरक. मला विचाराल तर इंजिनिअरिंगची चार वर्षं त्या ४० बाइटांसाठीच असायला हवीत.

तिसरं काम सांगून हा भाग आवरतो. एकेक ठिपका वेगळा लिहून अख्खी स्क्रीन रंगवायची. पायथनला साडेदहा लाख वेळा फाइलीत लिहायला लावलं की रंग वरून खाली सरकताना डोळ्यांना दिसतो, भिंतीला चुना मारल्यासारखा. मग तेच चित्र आधी मेमरीत पूर्ण तयार करून एका फटक्यात लिहायचं. लगेच उमटतं. सिस्टिम कॉल महाग असतो, बफर का वापरतात, गेममध्ये फ्रेम फाटल्यासारखी का दिसते, ह्या तीन लेक्चरांचं काम पाच मिनिटांत होतं.

आता आक्षेप. पहिला विभागप्रमुखांच्या पातळीवरचा: हे सिलॅबसमध्ये कुठे आहे? एक्स्टर्नल काय विचारणार? यावर मी काही बोलत नाही, कारण हा आक्षेप नसून हवामान आहे.

दुसरा आक्षेप माझ्या आयटीतल्या मित्रांचा, आणि तो जास्त चिकट आहे. तयार लायब्ऱ्या पडल्यात, मग हे उपद्व्याप कशाला? कोण नोकरी देणार याच्यावर? शिवाय हे फ्रेमबफर प्रकरण आता मोडीत निघालंय. लिनक्सवाल्यांनीच २०१५ पासून त्याचे नवे ड्रायव्हर घेणं थांबवलं. आता डीआरएम वापरायचं.

मोडीत निघालंय हे खरं. पण मोडीत काय निघालं ते बघा. दार बदललंय, खोली तीच आहे. नव्या डीआरएममध्येही आधी एक बफर मागून घ्यावा लागतो, त्याला अधिकृत नाव 'डंब बफर' असंच आहे, आणि मग त्यात बाइटच लिहायचे असतात. स्ट्राइड तिथेही आहे, फक्त त्याला पिच म्हणतात. निळा-हिरवा-लाल तोच. आणि एफबी० ही फाइल तर नव्या यंत्रणेच्या पोटात नक्कल म्हणून अजून जिवंत ठेवलेली आहे. ज्याला हे उमगलंय त्याला नवी व्यवस्था दोन संध्याकाळी पुरतात. ज्याला फक्त लायब्ररीच्या फंक्शनांची नावं पाठ आहेत त्याला लायब्ररी बदलली की नवा कोर्स विकत घ्यावा लागतो. कोर्सवाल्यांचं यात भलं आहे, एवढं मात्र मान्य.

'कशाला' या प्रश्नाचं मोठं उत्तर मात्र माझ्या दृष्टीने नोकरीत नाही, अक्षरात आहे.

त्या काळ्या पडद्यावर 'मिरज' असं टाइप करून बघा. चौकटी येतील, नाहीतर प्रश्नचिन्हं. लिनक्सचा हा कन्सोल जास्तीत जास्त ५१२ आकृत्या बाळगतो आणि एका घरात एक आकृती एवढंच त्याला कळतं. इंग्रजीला हे पुरतं. आपल्याला नाही. मग मी मुलांना म्हणतो, बरं, तुम्हीच लिहा. आलेखाचा कागद घ्या, १६ गुणिले १६ चौकोनांत 'म' काढा, भरलेले चौकोन म्हणजे १, रिकामे म्हणजे ०. असा म, र, ज आणि ऱ्हस्व वेलांटी. शिरोरेषेसाठी वेगळं काही लागत नाही, एका ओळीवर सरळ रेष मारली की झालं. मुलांना वाटतं जिंकलो.

मग ती स्ट्रिंग वाचायला घेतात. मेमरीत क्रम असतो म, वेलांटी, र, ज. तसंच छापलं की वेलांटी 'म' नंतर येते, म्हणजे 'र'च्या डोक्यावर. 'मिरज' ऐवजी 'मरिज' म्हणावं असं काहीतरी दिसतं. आपण बोलतो आधी म आणि मग इ, साठवतोही तसंच, पण लिहिताना वेलांटी आधी काढतो. हे आपल्याला पहिलीपासून येतं आणि कधीच जाणवलेलं नसतं. आता पुढचा शब्द घ्या, 'स्थिती'. स, हलन्त, थ, ऱ्हस्व वेलांटी, त, दीर्घ वेलांटी: सहा खुणा, यूटीएफ-८ मध्ये १८ बाइट. चौथ्या क्रमांकाची खूण काचेवर सगळ्यात आधी यायला हवी, आणि अर्ध्या 'स'च्याही अलीकडे. 'कीर्ती'मधला रफार तर स्वतःची जागा सोडून पुढच्या अक्षराच्या डोक्यावर, तोही वेलांटीच्या पलीकडे जाऊन बसतो.

मागच्या बॅचमधल्या एका मुलीने यासाठी दोनशे ओळींची स्क्रिप्ट लिहिली. तिच्यात ढीगभर 'जर-तर' होते आणि शेवटी तिने मला विचारलं, "सर, फोनमध्ये हे कोण करतं?" हार्फबझ नावाची लायब्ररी करते, तुमच्या अँड्रॉइडमध्ये आहे, आत्ता हे वाक्य तुम्हाला नीट दिसतंय ते बहुधा तिच्यामुळेच. पण ती अशी कुणाच्या तरी 'जर-तर'मधूनच बनलेली आहे हे त्या मुलीला जसं कळलंय तसं गुगलमध्ये लागलेल्या किती जणांना कळलं असेल, मला शंका आहे.

आणि हे फक्त अभ्यासापुरतं नाही. आपल्या गावातल्या सराफ पेढीबाहेरची, मेडिकलवरची, देवळातली ती लाल पळत्या अक्षरांची एलईडी पाटी आठवा. त्यातलं सगळ्यांत चालणारं पी१० पॅनल म्हणजे ३२ गुणिले १६ ठिपके, अशी चार-सहा शेजारी लावलेली. तोही फ्रेमबफरच, फक्त गरीब. आणि त्यावर मोडकी मराठी किती वेळा पाहिलीये? वेलांट्या भलत्या अक्षरावर, जोडाक्षरांचे हलन्त लोंबकळतायत, रफार हरवलेला. पाटीवाला म्हणतो, मशीनच तसं आहे. मशीन तसं नसतं हो. मशीनला ५१२ ठिपके आहेत, एवढंच त्याला माहीत आहे. त्यांच्यावर आपलं अक्षर कसं बसवायचं हे कुणीतरी लिहायचं असतं, आणि ज्यांनी लिहिलं त्यांना मराठी येत नव्हती. ज्यांना मराठी येते ते रिॲक्टचा कोर्स करतायत.

एकेकाळी आपल्याकडे असं नव्हतं, हे मला मुद्दाम सांगायचंय. १९८३च्या सुमारास आयआयटी कानपूरला देवनागरीचं टर्मिनल बनलं. त्या कामातले मोहन तांबे पुढे पुण्याच्या सी-डॅकमध्ये आले. सी-डॅकची स्थापना १९८८ची. तिथून जिस्ट कार्ड निघालं: पीसीच्या आत बसवायचं एक कार्ड, ज्याच्यामुळे वर्डस्टार, डीबेस, लोटससारखे इंग्रजीसाठी लिहिलेले प्रोग्रॅम डॉसवर देवनागरीत चालायचे. प्रोग्रॅमला पत्ताच नसायचा. तो आपली अक्षरं पाठवायचा, आणि काचेपर्यंत पोचण्याआधी मधल्या मधे त्यांची मराठी व्हायची. १९९१ साली इस्की हे भारतीय मानक ठरलं, त्यामागेही हीच मंडळी. त्या काळी 'तयार लायब्ररी आहे की' म्हणण्याची सोय नव्हती. स्क्रीनच्या मेमरीपर्यंत हात घातल्याशिवाय मराठी दिसणारच नव्हती, म्हणून त्यांनी घातला.

पुण्याचाच आणखी एक किस्सा. ऐंशीच्या दशकाच्या उत्तरार्धात पुण्याची डेसिबेल्स इलेक्ट्रॉनिक्स ही कंपनी ब्रिटिश झेडएक्स स्पेक्ट्रम परवान्याने बनवून डीबी स्पेक्ट्रम नावाने विकायची. ते यंत्र चालू केलं की थेट बेसिक समोर. 'पोक १६३८४, २५५' एवढं टाइप केलं की स्क्रीनच्या वरच्या डाव्या कोपऱ्यात आठ ठिपक्यांची बारीक रेघ उमटायची. स्क्रीनची सगळी मेमरी ६९१२ बाइट, आणि ती १६३८४ या पत्त्यावर सुरू होते हे माहीत असलं की दहा वर्षांच्या पोराला अख्खी स्क्रीन खुली. आज त्याच पुण्यात त्याच वयाच्या पोराच्या हातात हजारो पट ताकदीचं यंत्र आहे आणि त्यात त्याला करता येतं काय, तर स्वाइप.

मला जुन्या काळाचे कढ येत नाहीत. १९७३ साली झेरॉक्सच्या आल्टोमध्ये ६०६ गुणिले ८०८ ठिपक्यांच्या काळ्या-पांढऱ्या स्क्रीनसाठी ६१ हजार बाइट लागायचे आणि यंत्राची एकूण मेमरी होती १२८ किलोबाइट. निम्मी मेमरी नुसती काच रंगवण्यात जायची. तरी त्यांनी ती घातली, कारण प्रत्येक ठिपका प्रोग्रॅमच्या हातात असावा हेच त्यांना हवं होतं. आज फोनची स्क्रीन एकूण मेमरीचा कणभर हिस्सा खाते, आणि तरी तेवढ्यावरही मालकाला हात लावता येत नाही.

इथे तिसरा आक्षेप येतो, आणि हा खरा आहे. सुरक्षितता. जो प्रोग्रॅम स्क्रीनची मेमरी वाचू शकतो तो तुमचा ओटीपी वाचू शकतो, बँकेची शिल्लक वाचू शकतो, तुम्ही कुणाला काय लिहिताय ते वाचू शकतो. मी वर म्हटलं ना की एफबी०ची कॉपी म्हणजे स्क्रीनशॉट, ते चोरालाही लागू आहे. सुरुवातीच्या अँड्रॉइडमध्येही 'ग्राफिक्स' फोल्डरात हीच फाइल असायची. पुढे प्रत्येक ॲपला आपापल्या बफरात कोंडून ते एकत्र करायचं काम सिस्टिमने स्वतःकडे घेतलं, हे योग्यच झालं. कुठल्याशा फ्लॅशलाइट ॲपने माझी स्क्रीन वाचावी असं मला मुळीच वाटत नाही.

पण ॲपला न देणं आणि मालकाला न देणं या दोन गोष्टी आहेत, आणि आपल्याला त्या एकच म्हणून विकल्या गेल्यात. लिनक्सवरही ही फाइल सगळ्यांना उघडी नसते. 'व्हिडिओ' गटात तुमचं नाव लागतं, नाहीतर सूडो करून पासवर्ड द्यावा लागतो. म्हणजे कुलूप आहे, आणि किल्ली मालकाकडे आहे. फोनमध्ये कुलूप आहे आणि किल्ली कंपनीकडे. ती मागायला गेलात, म्हणजे बूटलोडर उघडायला, तर काही कंपन्या सरळ नाही म्हणतात. ज्या हो म्हणतात त्या आधी फोनमधलं सगळं पुसतात, आणि पुढे काही बँकांची ॲप्स त्या फोनवर चालायला नकार देतात. घराला कडी लावा हे सांगणं वेगळं आणि कडी बाहेरून लावणं वेगळं.

तोवर फोनवाल्यांनी काय करावं? ब्राउझरमध्ये कॅनव्हास असतो. त्याच्यात ठिपक्यांची बाइटांची रांग मिळते, चार-चारच्या गटात, आणि तिच्यात हवं ते लिहून 'पुटइमेजडेटा' म्हटलं की उमटतं. तिथे क्रम लाल-हिरवा-निळा असा साळसूद आहे आणि समासाचे ४० बाइटही नाहीत. भाड्याची खोली आहे, भिंतीला खिळा ठोकू देत नाहीत, पण सुरुवातीला चालेल. मिरजेची वेलांटी तिथेही स्वतःच्या हाताने बसवून बघता येते.

खोली स्वतःची हवी असेल तर मात्र जुना लॅपटॉप शोधा. दहा-बारा वर्षांपूर्वीचा असला तरी हरकत नाही, उलट बराच. कुठलंही सोपं लिनक्स टाका. आधी स्ट्राइडची फाइल वाचा, आकडा कागदावर लिहून ठेवा. कन्सोलचा कर्सर तुमच्या चित्रावर लुकलुकत राहील, त्याला चिडू नका, तो त्याच फाइलीत लिहितोय. ग्राफिकल डेस्कटॉपच्या आतून लिहिलंत तर बहुधा काहीच दिसणार नाही, म्हणून कंट्रोल-ऑल्ट-एफ३. परत यायला कंट्रोल-ऑल्ट-एफ२, काही ठिकाणी एफ१, जुन्यांवर एफ७.